खोडलेले चारशे सहा

४ ऑगस्ट

प्रिय मामा,

फोनवर तुझ्याशी बोलायचं म्हणजे ओरडावं लागतं, आणि मग मी अभ्यासात काय दिवे लावतेय ते हॉस्टेलच्या अख्ख्या मजल्याला कळतं. म्हणून पत्र. कारखान्याने तुझे कान खाल्ले, डोळे तरी अजून शाबूत आहेत ना?

खुशाली अशी, की दुसरं वर्ष पहिल्यापेक्षा वाईट आहे. गणिताचे सर फळ्याच्या डाव्या कोपऱ्यात सुरू होतात आणि आपण मान वर करेपर्यंत उजव्या कोपऱ्यात पोचून हात झटकतात. थर्मोमध्ये मला अजून एन्ट्रॉपी म्हणजे काय ते कळलेलं नाही. भिंगालाही नाही, पण ती कळल्यासारखा चेहरा करते. भिंग म्हणजे माझी प्रॅक्टिकलची पार्टनर. तिच्या चष्म्यातून बघितलं तर मुंगी झुरळाएवढी दिसेल.

आता मुद्द्याचं. तू इथेच शिकलास, तेव्हा आमचा भोपळा तुला माहीत असणार. जुन्या इमारतीच्या जिन्याच्या मधल्या पोकळीत, चार मजले उंचीच्या तारेला टांगलेला तो चाळीस किलोचा काळा लोखंडी गोळा. त्याचे पन्नास झोके मोजायचे, वेळ लिहायची, वेळेवरून तारेची लांबी काढायची. ती सोळा मीटर यायला हवी. पन्नास झोक्यांना चारशे एक सेकंद आणि वर थोडं. संपला प्रयोग.

खरं म्हणजे हा प्रयोग कुणी करतच नाही. मागच्या बॅचचं जर्नल आणायचं आणि छापायचं. मागच्यांनी त्यांच्या मागच्यांचं छापलेलं असतं. पण भिंगाला सीनियरचं जर्नल मिळायला उशीर झाला आणि मी मूर्खासारखी खरंच मोजत बसले. तीन वेळा मोजलं. ४१२.४, ४१२.६, ४१२.५. अकरा सेकंद जास्त. तीन स्टॉपवॉच बदलून बघितली. यावरून तारेची लांबी येते सोळा मीटर नव्वद सेंटिमीटर. म्हणजे भोपळा छतापासून नाही, छताच्याही वर कुठूनतरी लोंबतोय.

गंमत पुढे आहे. जर्नल आलं. त्यात तिसऱ्या ओळीत आधी ४०६ लिहून खोडलंय आणि शेजारी ४०१.६ लिहिलंय. मी आणखी चार जणांची जर्नलं बघितली. प्रत्येकात तिसऱ्या ओळीत ४०६, त्यावर आडवी रेघ, शेजारी ४०१.६. लोकांनी खाडाखोडसुद्धा इमानदारीने छापली आहे! मी आणि भिंग हसून हसून आडव्या झालो.

पण माझं काय चुकतंय? तू मापांमधला माणूस, सांग. सबमिशन सप्टेंबरच्या सहा तारखेला आहे.

तुझी,
खार

---

११ ऑगस्ट

चि. खारूताईस अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. डोळे शाबूत आहेत, अक्षर मात्र तुझं खारीने शेपटीने काढल्यासारखं असतं.

एन्ट्रॉपीचं मनाला लावून घेऊ नकोस. मला ती नोकरी लागल्यावर कळली, आणि तीही थोडीशीच. गणित रोज लिहून कर. वाचून गणित आलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही.

लंबकाबद्दल. तुझं काही चुकलेलं नाही. ज्याला तार टांगली आहे तो आधार जरा ढिला असेल. आधार झोक्याबरोबर किंचित हलत असला की झोका सावकाश होतो आणि तार आहे त्यापेक्षा लांब असल्याचा भास होतो. जुनी इमारत आहे, व्हायचंच. यात नवल काही नाही.

तेव्हा तू सरळ ४०१.४ सरासरी लिही, सही घे आणि मोकळी हो. मी एवढी वर्षं दुसऱ्यांनी घेतलेली मापं तपासून सह्या करतोय. प्रत्येक गोष्टीच्या मुळाशी जायला लागलं तर एकही माल कारखान्याबाहेर पडणार नाही. मुलांनी खाडाखोड छापली, त्यातही काही विशेष नाही. पोरं पोरंच असतात.

वर माळ्यावर जायची काही गरज नाही. तिथे धुळीशिवाय काही नसतं आणि तुला सर्दी चटकन होते.

तुझी आई म्हणत होती, तू जेवणाकडे लक्ष देत नाहीस. दे.

तुझा,
मामा

---

१९ ऑगस्ट

प्रिय मामा,

तू ग्रेट आहेस. ढिला आधार! मला सुचायलाच हवं होतं. म्हणून मी काल दुपारी वर जाऊन आले.

रागावू नकोस, सर्दी झालेली नाही. मिस्त्रींकडून, म्हणजे आमच्या लॅबच्या मेकॅनिककडून, किल्ली घेतली. वर्कशॉपमधून डायल गेज उसना घेतला. केसाएवढी हालचाल झाली तरी ज्याचा काटा हलतो, तो. भिंग खाली भोपळ्याजवळ उभी राहून झोके मोठ्याने मोजणार आणि मी वर आधाराला गेज लावून बघणार, असं ठरलं. मिस्त्री म्हणाले, वर जाताय तर खालचीला सांगा, मध्ये थांबू नको. का ते विचारलं तर म्हणाले, तशी पद्धत आहे.

माळा बुटका आहे. वाकून उभं राहावं लागतं. जाडजूड तुळई, तिच्यात पोलादी पकड, पकडीतून तार जमिनीतल्या भोकातून खाली. भोकातून बघितलं तर चार मजल्यांखाली भोपळा बोराएवढा दिसतो आणि भिंग साबुदाण्याएवढी. मी टेप सोडून तार मोजली. सोळा मीटर, एक सेंटिमीटर इकडेतिकडे नाही. मग भिंग मोजायला लागली. मामा, पन्नासच्या पन्नास झोके झाले, गेजचा काटा जागचा हलला नाही. आधार खडकासारखा घट्ट आहे. वेळ मात्र तीच, ४१२.५. तुझं म्हणणं चूक निघालं, सॉरी.

पकडीच्या वर छत आहे अर्ध्या मीटरवर. मग नव्वद सेंटिमीटर म्हणजे छताच्या पार बाहेर, मोकळ्या हवेत. तिथे काय आहे टांगायला?

आता दोन गोष्टी सांगते, त्या भिंगालाही सांगितलेल्या नाहीत.

भिंतीवर पेन्सिलने एक तक्ता आखलेला आहे. एक ते पन्नास. प्रत्येक झोक्यापुढे वेळ लिहिलेली, तिरप्या अक्षरात, तुझ्या अक्षरासारख्या. सत्तावीसपर्यंत भरलाय. अठ्ठावीसपासून पुढे रिकामा. कोण येडा अर्धं रीडिंग घेऊन गेला, असं म्हणून मी हसले. मग खाली बघितलं. तक्त्याखाली पेन्सिलीचा भुसा पडला होता. बाकी सगळीकडे बोटभर धूळ आणि हा भुसा स्वच्छ. हातात घेतला तर ओल्या लाकडाचा वास आला. खोलीला बाहेरून कुलूप होतं, ते मीच काढलं होतं.

दुसरी गोष्ट. भिंगाने सत्तावीस म्हटलं आणि माझ्या मागे कुणीतरी म्हणालं, "पुढे?" हळू, पण स्पष्ट. तू मला पाढे म्हणायला लावायचास आणि मी अडले की विचारायचास, अगदी तस्सं. मी वळले, कोणी नव्हतं. तोवर भिंगाने अठ्ठावीस म्हटलं होतं, पण आवाज परत आला. "पुढे?" एकोणतीसला परत. पन्नासपर्यंत दर आकड्याला. जणू भिंगाचं मोजणं त्याला ऐकूच येत नव्हतं. मला वाटलं मिस्त्री चेष्टा करताहेत, पण ते भिंगाशेजारी बिडी ओढत उभे होते.

मी घाबरट नाही हे तुला माहीत आहे. तरी विचारते. हे काय आहे?

खार

---

२३ ऑगस्ट

चि. खार,

पत्र वाचल्याला चार तास झाले. कामावर गेलो नाही. तुझ्या मामीला डोकं दुखतंय म्हणून सांगितलं.

पुन्हा वर जाऊ नकोस. ही विनंती नाही.

तुला थोरल्या मामाबद्दल एवढंच माहीत आहे, की तो कॉलेजात असताना रागावून घरातून गेला आणि परत आला नाही. तुझ्या आईलाही एवढंच माहीत आहे. ती तेव्हा दहा वर्षांची होती. आमच्या आईवडिलांनाही मी तेवढंच सांगितलं आणि ते तेवढ्यावरच गेले. आता तुला पूर्ण सांगतो.

दादा माझ्याहून वर्षाने मोठा. आजारपणात त्याचं एक वर्ष बुडालं, म्हणून आम्ही एका वर्गात, एका बॅचमध्ये. त्याला बघितल्याशिवाय काही लिहायची सवय नव्हती. आईने पाहुण्यांना "पाच मिनिटांत पानं घेते" म्हटलं की हा घड्याळ घेऊन बसायचा आणि अकराव्या मिनिटाला सगळ्यांसमोर जाहीर करायचा. मी त्याच्या उलट. मला काम उरकायचं असायचं.

आम्ही दोघांनी लंबक मोजला तेव्हा ४०६ आलं. लांबी सदतीस सेंटिमीटर जास्त. तेव्हाच्या सरांनी सही करायला नकार दिला. मोजता येत नाही तर इंजिनियर कशाला होता, म्हणाले. सही नाही तर परीक्षा नाही. दादा म्हणाला, आधार तपासू. ढिल्या आधाराची कल्पना त्याची होती, खार. मी तुला ती लिहिली आणि तुला वर धाडलं.

सबमिशनचा शेवटचा दिवस, दुपारचे चार. तो घड्याळ आणि पेन्सिल घेऊन वर गेला. मी खाली. झोका नेमका कधी पुरा होतो ते भोकातून त्याला नीट दिसत नसे, म्हणून ठरलं असं, की मी प्रत्येक झोका मोठ्याने मोजायचा आणि तो वर वेळ लिहिणार. जाताना म्हणाला, "मी खाली येईपर्यंत मोजणं थांबवू नकोस. तू थांबलास की माझं सगळं वाया." मी सत्तावीस म्हटलं आणि सर हातात रजिस्टर घेऊन खोलीतून बाहेर आले. म्हणाले, "मी निघालो. द्यायचं असेल तर आत्ता द्या."

मी त्यांच्या मागे गेलो. वरून दादाचा आवाज आला, "पुढे?" मी ऐकला. तेव्हा माझे कान चांगले होते. त्यांच्या टेबलापाशी उभ्याउभ्या मी दोन्ही जर्नलं भरली. तिसऱ्या ओळीला हात आपोआप ४०६ लिहून गेला, तो खोडून ४०१.६ लिहिलं. दोन्ही जर्नलांवर सही झाली. आठ मिनिटं लागली असतील.

परत आलो तर लंबक झुलत होता. हाक मारली, उत्तर नाही. वर गेलो. खोली उघडी आणि रिकामी. त्या इमारतीला एकच जिना आहे आणि तो त्या पोकळीभोवतीच फिरतो. सरांची खोली त्याच्या पायथ्याशीच, दार उघडं. माझ्या नकळत कुणी उतरून जाऊ शकत नव्हतं. भिंतीवर सत्तावीसपर्यंतचा तक्ता होता. मी लोकांना सांगितलं की सहीवरून आमचं भांडण झालं आणि तो निघून गेला. सगळ्यांना पटलं. तो होताच तसा.

त्यानंतर मी तो जिना चढलो नाही. बत्तीस वर्षं पोरं माझी खाडाखोड छापताहेत, हे मला तुझ्या पत्रातून कळलं.

तू ४०१.४ लिही आणि यातून बाहेर पड. तुझ्या आईला सांगू नकोस.

मामा

---

२९ ऑगस्ट

मामा,

तीन दिवस तुला लिहायचंच नाही असं ठरवलं होतं. मी रागावले आहे. आजी शेवटपर्यंत दार नुसतं लोटून ठेवायची, कडी लावू द्यायची नाही, आणि तू त्याच घरात जेवत होतास.

हे लिहून झालं. आता पुढचं.

प्रॅक्टिकलच्या सरांनी माझं जर्नल परत केलं. ४१२.५ कापून शेजारी लाल शाईने "पुन्हा करा". मी म्हटलं, तुम्ही चला, तुमच्यासमोर मोजते. ते म्हणाले, मीही इथेच शिकलो, मलाही ४०१.४च आलं होतं. मी त्यांना विचारलं, तिसऱ्या ओळीत खाडाखोड होती का? त्यांनी जर्नल मिटून माझ्याकडे सरकवलं. मग म्हणाले, सहा तारखेपर्यंत दुरुस्त करून आणा, नाहीतर वर्ष जाईल. भिंगाने छापून सही घेतली. ती रडली, पण घेतली. तिला मी काही बोलले नाही.

मिस्त्रींना सगळं सांगितलं. त्यांना आधीच माहीत आहे. ते म्हणाले, बॅच चालू असली आणि कुणी खाली मोजत असलं की वरून तो विचारतो. त्यांच्या आधीच्या मिस्त्रीनेही त्यांना हेच सांगून किल्ली दिली होती. म्हणाले, "कुणाला त्रास देत नाही बिचारा. फक्त विचारतो. आम्ही कोणी सांगितलेलं त्याला चालत नाही." आणि म्हणाले, पूर्वी आवाज माळ्यातून यायचा, आता जरा वरून येतो. दरवर्षी जरा आणखी वरून.

मामा, तेव्हा सदतीस सेंटिमीटर होते. सदतीस म्हणजे छताच्या आत. आता नव्वद. मी ग्राफ काढला नाही, काढायची हिंमत झाली नाही.

त्याला तुझा आवाज हवा आहे. दुसऱ्या कुणाचा चालणार नाही, हे तुलाही कळतंय. नुसतं कळून तू कामावरून रजा घेऊन घरी बसला आहेस.

पाच तारखेला सकाळी दहा ते एक माझा गणिताचा पेपर आहे. दोन वाजता प्रॅक्टिकल. तू आला नाहीस तर दोन वाजता मी वर जाऊन बसणार आणि त्याला सांगणार, की थांबू नकोस, खाली तुझा भाऊ नाही. भिंग खाली मोजेल. ती मध्ये थांबली तर थांबली.

तुझी भाची

---

५ सप्टेंबर, सकाळी साडेअकरा

चि. खार,

मिस्त्रींच्या खोलीत बसून लिहितो आहे. तू पेपरला बसली असशील. मुद्दाम ही वेळ निवडली. गणित लिहून कर, वाचत बसू नकोस.

साडेनऊला आलो. इमारत तशीच आहे, फक्त भिंतींचा रंग वेगळा. मिस्त्रींनी वरचं कुलूप काढून ठेवलं होतं. आम्ही दोघांनी मिळून लंबक ओढून सोडला. कानातलं यंत्र शिट्टी मारायला लागलं म्हणून काढून खिशात टाकलं. म्हणजे मला काही ऐकू येण्याचा प्रश्नच नव्हता.

मी अठ्ठावीसपासून सुरू केलं.

एक झोका नुसता जाऊ दिला. मग म्हटलं, "अठ्ठावीस." आणि वर पेन्सिल भिंतीवर घासल्याचा आवाज आला. खार, मला मामीची हाक शेजारच्या खोलीतून ऐकू येत नाही. ते घासणं मला चार मजल्यांवरून ऐकू आलं. एकोणतीस, तीस. दर आकड्यानंतर तेच. "पुढे?" असं त्याने एकदाही विचारलं नाही. चाळीसनंतर मी रडत होतो, पण मोजत होतो. मिस्त्री टोपी काढून बाजूला उभे होते. पन्नास म्हटलं आणि वर दार वाजलं.

तो उतरायला लागला. दोन दोन पायऱ्या एकदम, त्याची ती सवय. शेवटच्या वळणावर येऊन थांबला. एकवीस वर्षांचा. खिशाला पेन्सिल, कोपराला धूळ, कपाळावर घाम. हातात घड्याळ होतं. त्याने इकडेतिकडे बघितलं, मिस्त्रींकडे बघितलं, मग माझ्याकडे. चांगला हसला. म्हणाला, "काका, इथे माझा भाऊ उभा होता. तो कुठे गेला?"

मी बत्तीस वर्षं रोज मनात याच माणसाशी बोललो आहे. सगळी वाक्यं पाठ होती. आणि मी काय म्हणालो सांगू? मी म्हणालो, "सहीला गेलाय. येईल इतक्यात."

तो म्हणाला, "बरं. आला की सांगा, रीडिंग पूर्ण झालं. पण त्याच्याबरोबर ताडून बघितल्याशिवाय मला लिहिता येणार नाही. मी वर थांबतो." आणि वळला आणि वर गेला. दार वाजलं.

पन्नासच्या पन्नास मोजून झाले होते. फक्त एक वाक्य खरं बोलायचं होतं, आणि मी पुन्हा दुसरंच लिहून टाकलं. कोणी रजिस्टर घेऊन उभंही नव्हतं या वेळी. मी भित्रा आहे, बाकी काही नाही.

आता मी वर जाणार आहे. मीच तो, हे त्याला सांगणार आहे. तो मला ओळखेल असं वाटत नाही. धाकटा भाऊ आपल्यापेक्षा एकतीस वर्षांनी मोठा होऊन समोर उभा राहिला, तर कुणालाही पटणार नाही, आणि त्याला तर बघितल्याशिवाय काहीच पटत नाही. तरी सांगतो.

तुझ्या सरांना एक कागद लिहून दिला आहे. पहिलं खोटं रीडिंग कोणी, कधी, कुठल्या टेबलापाशी लिहिलं ते सगळं. त्यांनी वाचला आणि घडी घालून खिशात ठेवला. सही करायची की नाही ते त्यांनी ठरवावं. तू मात्र जे मोजलंस तेच लिही. वर्ष गेलं तर जाऊ दे.

आईला सगळं सांग. माझ्याकडून नाही, तुझ्याकडून कळलेलं तिला बरं वाटेल.

मला खाली यायला वेळ लागला तर घाबरू नकोस. पण वर येऊ नकोस.

तुझा,
मामा

---

५ सप्टेंबर, दुपार

मामा,

एकला पेपर सुटला. मिस्त्रींनी तुझं पत्र दिलं. तुझा चहा अर्धा तसाच आहे. तू पावणेबाराला वर गेलास म्हणाले.

मी वर आलेले नाही. तू नको म्हणालास म्हणून नाही, मला खाली काम आहे म्हणून. मी भोपळा सोडला आणि एकपासून मोजायला लागले. तुम्ही दोघं वर असताना खाली कोणी मोजत नसेल तर काय होतं, ते मला आता माहीत आहे.

पन्नासपर्यंत काही नाही. मग आवाज आले. शब्द कळत नव्हते, पण भांडण होतं हे कळत होतं. दोघंही एकमेकांना बोलू देत नव्हते. मी आणि आई भांडतो तसं, घरातल्या माणसांचं. त्याला पटलं, मामा. परक्या काकांशी असं कुणी भांडत नाही. मी रडायला लागले, तेव्हा भिंग आली आणि माझ्या पुढचा आकडा तिने घेतला. तिचं सही झालेलं जर्नल तिने सरांच्या टेबलावर परत नेऊन ठेवलंय, ४०१.४ खोडून.

आता ती मोजते आहे आणि मी हे लिहिते आहे. ती दमली की मी घेते. शंभर झाले, दीडशे झाले. भोपळा मंदावला की मिस्त्री ओढून सोडतात. सर मघाशी येऊन उभे राहिले. त्यांच्या हातात स्टॉपवॉच आहे.

दोनशेनंतर वरचं भांडण थांबलं. मी भोकाकडे बघत होते, पण इथून तिथला उजेडसुद्धा दिसत नाही.

दोनशे एकतीसला दार वाजलं. कुणीतरी जिना उतरायला लागलंय. भिंग मोजता मोजता माझा हात धरते आहे, कारण तिलाही ऐकू येतंय.

पावलं एकाचीच आहेत. आम्ही मोजतोय.